टाके काढले म्हणजे डोक्याचा मार संपला असं नाही

प्रति,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक व जिल्हा आरोग्य अधिकारी यांस

विषय : डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची डिस्चार्ज कार्डावरची नोंद आणि पुढची विचारपूस

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी करते. माझ्याकडे डोकं दाखवायला कुणी येत नाही. खांदा वर जात नाही, गुडघा वाकत नाही, प्लास्टर काढल्यावर मनगट कडक झालंय, अशी कामं घेऊन लोक येतात. खांद्याचा व्यायाम चालू असताना सोबतची बायको किंवा सून हळूच म्हणते, "ताई, खांद्याचं होईल हो, पण आपघात झाल्यापासून ह्यांच्या काहीच ध्यानात राहीना गेलंय. उगंच लेकराबाळांवर खेकसायलेत." मग मी फाईल मागते. फाईलमध्ये हाडाचे एक्स-रे असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात, बिलं असतात. डोक्याबद्दल एकच ओळ असते : आरटीए (रस्त्यावरचा अपघात), कपाळावर सीएलडब्ल्यू (चेंगरून फाटलेली जखम), टाके घातले, सात दिवसांनी काढणे.

ही ओळ थोडी लांबवा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र. मागणी लहान आहे, पण तिच्यामागचं कारण लहान नाही. आपणा सर्वांना हे शास्त्र माहीत आहेच. पत्र खुलं असल्यामुळे रुग्णांची मुलं-सुनाही वाचतील, म्हणून माहितीतल्या गोष्टीही सविस्तर लिहिते. राग मानू नये.

डोकं आपटतं तेव्हा जखम कपाळावर दिसते, पण मेंदू आत कवटीत हलतो, पिळला जातो. पेशींना जोडणारे लांब तंतू ताणतात, काही तुटतात. सीटी स्कॅनवर हे बहुतेक वेळा दिसतच नाही. स्कॅन नॉर्मल येतो, घरचे देवाला नारळ फोडतात आणि विषय संपतो. आत मात्र तो तिथून सुरू झालेला असतो. ताणलेल्या तंतूंत काही तासांतच अमायलॉइड नावाचा चिकट साका ज्यापासून बनतो ते प्रथिन साचायला लागतं. तंतूंना आधार देणारं टाऊ नावाचं प्रथिन जागचं सुटून गोळे धरू लागतं. अल्झायमर या स्मृती जाण्याच्या आजारात मेंदूत सापडतो तो याच दोघांचा पसारा. त्याच वेळी मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी जाग्या होतात. पीओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. मोडतोड उचलायची, जंतू गिळायचे, हे त्यांचं काम. त्यासाठी त्या दाह, म्हणजे आतली सूज-जळजळ, पेटवणारी रसायनं सोडतात. पहिले काही दिवस हा दाह हवाच असतो, त्याशिवाय साफसफाई नाही आणि दुरुस्तीही नाही. घोटाळा होतो तो दाह थांबला नाही म्हणजे. कडब्याची गंजी वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, तसं काहीसं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यात एकदाच डोक्याला मध्यम किंवा गंभीर मार लागलेल्या आणि त्यानंतर अनेक वर्षं जगलेल्या माणसांचे मेंदू त्यांनी मृत्यूनंतर तपासले. चारांतल्या एकापेक्षा थोड्या जास्त जणांत मायक्रोग्लिया अजून चवताळलेल्याच होत्या, काहींत तर मार लागून १८ वर्षं उलटल्यावरही. दाहाची ही खूण सापडलेल्या मेंदूंत तंतूंची झीजही चालू होती. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूने आणखी एक धागा हाती आला. मायक्रोग्लियाच्या कामात महत्त्वाचं असलेल्या ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका बराच वाढवतो, असं दिसलं. म्हणजे दाह हा या आजाराचा नुसता धूर नाही, जळण्यातही त्याचा हात असावा, असं मानायला चांगली जागा आहे.

मोठ्या लोकसंख्येचे आकडेही हेच सांगतात. डेन्मार्कमध्ये सुमारे २८ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. मेंदूला दुखापत झालेल्यांत डिमेंशियाचा, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याचा धोका इतरांपेक्षा २४ टक्क्यांनी जास्त निघाला. हा अभ्यास २०१८ चा. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सव्वातीन लाख माजी सैनिकांच्या नोंदींवरून असं दिसलं की ज्याला आपण कार्डावर 'किरकोळ' म्हणतो तशा डोक्याच्या मारानंतरही पार्किन्सनचा, म्हणजे हातपाय कापण्याच्या आणि चाल मंदावण्याच्या आजाराचा धोका ५६ टक्क्यांनी वाढतो. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास २०१९ मध्ये आला. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी त्यांच्यात झालेले मृत्यू सामान्य लोकांच्या साडेतीन पट होते. मुष्टियोद्ध्यांची लडखडती चाल आणि जडावलेली जीभ यांवर न्यू जर्सीच्या हॅरिसन मार्टलँड यांनी तर १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. (आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीच्या फडात डोक्यावर आपटून क्षणभर बधिर झालेल्या पोराला तोंडावर पाणी मारून पुन्हा उभं करतात, आणि लोक टाळ्या वाजवतात. यात्रा कमिट्यांना वेगळं पत्र लिहावं लागेल.)

आता दुसरी बाजू, कारण हे वाचून कुणाची झोप उडू नये. डोक्याला एकदा मार लागलेल्या बहुतेक माणसांना पुढे डिमेंशिया होत नाही, पार्किन्सनही होत नाही. २४ टक्क्यांनी जास्त म्हणजे शंभरातल्या चोवीस जणांना आजार होतो असं नव्हे; मुळातला जो धोका आहे तो सव्वापट होतो, इतकंच. वय, रक्तदाब, साखर, ऐकू न येणं, दारू, आनुवंशिकता हे सगळे त्यात भागीदार आहेत. शिवाय कधीकधी गाडं उलटं असतं. पार्किन्सन आतून सुरू झालेला असतो, म्हणून माणूस तोल जाऊन पडतो आणि मग आपण म्हणतो की पडल्यामुळे आजार झाला. हे सगळं मान्य करूनही लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये डिमेंशियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत डोक्याच्या दुखापतीची भर घातली, आणि २०२४ च्या १४ कारणांच्या यादीतही ती कायम आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेंशिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

बायकांचं निघालं म्हणून सांगते. 'मोरीत घसरले', 'हंड्यासकट पडले' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मान तपासताना केस बाजूला करून बघायची सवयच लागली आहे. मोरीत पडणाऱ्या बाईला कानामागे एकाच जागी जुनं आणि नवं अशी दोन वळं कशी असतील? मुष्टियोद्ध्याच्या डोक्याला बसणारा मार आणि घरात पुन्हा पुन्हा बसणारा मार यांत मेंदूला काही फरक कळत नाही. फडात बसलेल्या माराला निदान साक्षीदार असतात.

बाकीचा मार कुठून येतो हे आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक. रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडकलेली मोटारसायकल. हेल्मेट घरी खुंटीला आणि डोक्याला उपरणं. उन्हाळ्यात माळवदावर झोपलेला माणूस अर्धवट झोपेत उठतो आणि कडेवरून खाली येतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. गेलेल्यांचा आकडा छापून येतो. जे वाचले त्यांच्या डोक्याचं पुढे काय झालं, ते आमच्या तालुक्याच्या कुठल्या वहीत सापडत नाही.

यात ऊसतोडवाल्यांची गत सगळ्यात वाईट. परभणी, बीड, जालन्याच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मार लागतो पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, टाके तिथल्याच कुठल्या दवाखान्यात पडतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते म्हणून गडी लगेच कोयता हातात घेतो. डोक्याला मार लागल्यावर एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू काम वाढवणं, हे आज सगळीकडे मान्य आहे; मुकादमाला ते कोण सांगणार? गावी परत येतो तो फक्त एक चुरगाळलेला कागद. त्या कागदावर डोक्याबद्दल काही नसेल तर तो मार जणू लागलाच नव्हता.

आता एक उदाहरण, कारण त्यात लगेच हाती लागण्यासारखं काही आहे. सत्तरी ओलांडलेले एक आबा. मुलगा घेऊन आला, "डावा पाय ओढायलेत, काही व्यायाम सांगा." त्याआधी एका दवाखान्यात दाखवलं होतं, तिथे वयोमान म्हणून ताकदीच्या गोळ्या मिळाल्या होत्या. माझ्याशी बोलता बोलता आबांना खुर्चीतच डुलकी लागत होती. दोन्ही हात पुढे करून डोळे मिटायला सांगितले, तर डावा हात हळूहळू खाली उतरला आणि तळवा आत वळला. कुठं पडला होता का, विचारलं. मुलगा म्हणाला, नाही. दारात उभी असलेली सून म्हणाली, "पोळ्याला आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या गोठ्यावर) दाव्यात पाय गुतून पडले होते की. टेंगूळ आलं होतं, हळद दाबली." तोवर घट बसायची वेळ झाली होती. आबांना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ व्हायची गोळी चालू होती. त्याच दिवशी नांदेडला पाठवलं. सीटीत उजव्या बाजूला मेंदूवर जुनं रक्त साचलेलं. कवटीला लहान भोक पाडून ते काढलं. दिवाळीत आबा पारावर बसून कापसाच्या भावाबद्दल सरकारला शिव्या घालत होते.

म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्यानेही त्यातली एखादी फुटते आणि रक्त थेंबाथेंबाने आठवडेच्या आठवडे साचत जातं. साचलेल्या रक्ताभोवती जे पातळ कवच तयार होतं त्यात दाह चालू राहतो, त्यातल्या कच्च्या नव्या शिरा पुन्हा झिरपतात. म्हणून पडल्यावर तीन-चार आठवड्यांनी माणूस बरळायला लागतो, झोपाळू होतो, एक पाय ओढतो. घरचे म्हणतात म्हातारचळ लागला, शेजारी म्हणतात बाहेरचं आहे, उतारा टाका. विसरभोळेपणाच्या कारणांत सरळ बरं करता येतं असं जे मोजकं आहे, त्यातलं हे एक. एवढं हाताशी असलेलं निदान 'कधी पडला होता का' हा प्रश्न न विचारल्यामुळे हुकावं, हे पटत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यात डोक्याला मार लागलेलाच नसतो. खुब्याचं हाड मोडलेली आजी. ऑपरेशन झकास होतं, आणि दुसऱ्या रात्री आजी सलाईन उपटते, मेलेल्या नवऱ्याला हाका मारते, लेकीला ओळखत नाही. हा डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक भान सुटणं. मोडलेलं हाड, शस्त्रक्रिया, छातीतला किंवा लघवीतला जंतुसंसर्ग यांनी रक्तात इंटरल्यूकिन-६, टीएनएफ यांसारखी दाहक रसायनं वाढतात. त्यांची खबर मेंदूला लागते आणि म्हाताऱ्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया, ज्या आधीच कावलेल्या असतात, गरजेपेक्षा जास्त उसळतात. चार दिवसांत आजी बहुधा भानावर येते, पण डेलिरियम होऊन गेलेल्या वृद्धांत पुढे डिमेंशिया जास्त दिसतो, आणि ज्यांना तो आधीच आहे त्यांची उतरण वेगाने होते. खुबा जुळला, पण आजी पहिल्यासारखी राहिली नाही, हे मी व्यायाम करून घेताना कित्येक घरांत ऐकलं आहे.

यावर महागडं औषध नाही, आणि ते लागतही नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयात ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं, लवकर उठवून चालवणं, वार-तिथी-ठिकाण सांगत राहणं, असल्या साध्या गोष्टींनी डेलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. आमच्याकडे आजीचा चष्मा गाठोड्यात, कवळी स्टीलच्या डब्यात आणि डबा लेकीच्या पिशवीत खाली. लेक गेटबाहेर, कारण भेटायची वेळ संपलेली. आपल्या वॉर्डांत माणसांची गर्दी होते ही तक्रार खरी, पण म्हाताऱ्या माणसाजवळ ओळखीचं एक माणूस रात्रभर बसू द्यायला पैसा लागत नाही.

दाह हेच मूळ असेल तर दाह मारायचं औषध द्या, असं कुणाच्याही मनात येईल. इथे जपायला हवं. डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवर स्टेरॉइड या दाह दाबणाऱ्या औषधाची मोठी चाचणी झाली, क्रॅश नावाची. २००४ मध्ये निकाल आला तो उलटा : दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांतले २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांतले १७.९ टक्के. अल्झायमर टाळण्यासाठी नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब ही सूज-दुखीची औषधं देऊन बघायची चाचणी त्याच वर्षी थांबवावी लागली आणि फायदा काही दिसला नाही. मेंदूतल्या गाठीच्या सुजेवर किंवा टीबीच्या मेंदूज्वरात डेक्सा हे स्टेरॉइड कामाला येतं, ते वेगळं. पण गावोगावी डोक्याला टेंगूळ आलं की 'सुजेचं इंजेक्शन' म्हणून डेक्सा टोचायची जी रीत पडली आहे, ती आपल्या पातळीवरून लेखी सूचना काढून थांबवावी.

आता माझं मागणं. मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद असली की एमएलसी रजिस्टरमध्ये अपघाताची वेळ, ठिकाण, कुणी आणलं, सगळं टिपलेलं असतं. ते पोलिसांच्या कामाचं. रुग्णाच्या हातातल्या कार्डावर मात्र डोक्याच्या जखमेपुढे एवढं यावं : शुद्ध हरपली होती का आणि साधारण किती वेळ, अपघाताच्या आसपासचं किती आठवत नाही, उलटी किंवा फिट आली का, सीटी झाला का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. रबरी शिक्का करून घेतला तर भरायला मिनिट पुरेल. त्याच कार्डाच्या पाठीवर मराठीत अर्धा पान मजकूर असावा. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, झोपेतून नीट जागं न होणं, फिट, हातपाय लुळा पडणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यातलं काही दिसलं तर लगेच परत या. आणि वृद्ध असेल तर पुढचे दोन-तीन महिने चाल आणि वागणं यांवर नजर ठेवा.

टाके काढायला माणूस येतोच. तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये सिस्टरने झोप, चिडचिड, विसर आणि चक्कर यांची विचारपूस करावी आणि उत्तर कार्डावर लिहावं. वेगळी फेरी नको, वेगळी ओपीडी नको. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो सीबॅक फॉर्म (दीर्घ आजारांचा धोका हेरायची प्रश्नावली) भरतात, त्यात साठीपुढच्यांना घरच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, चालताना तोल जातो का, हे आधीच विचारलेलं आहे. फॉर्म केंद्राचा असल्यामुळे तो जिल्ह्यात बदलता येत नाही हे मला समजतं. पण उत्तर 'होय' आलं की 'कधी डोक्यावर पडला होता का, गेल्या दोन-तीन महिन्यांत पडलात का' हे तोंडी विचारून कडेला लिहा, असं आशांच्या मासिक बैठकीत सांगायला केंद्राची परवानगी लागत नाही. टोळ्या परतल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासणी होईल तिथेही हाच प्रश्न हवा. आणि बाई एकटी असताना विचारला जावा, नवरा शेजारी उभा असताना नाही.

सगळ्यांचा सीटी करा असं मी म्हणत नाही. रात्रपाळीला एकट्या मेडिकल ऑफिसरवर काय येऊन पडतं ते मी बघितलेलं आहे. माझं म्हणणं इतकंच की वृद्धाच्या केस पेपरवर 'वयोमानानुसार' लिहिण्याआधी एकदा पडण्याबद्दल विचारावं, आणि उत्तर 'हो' असेल तर त्याला सीटी असलेल्या ठिकाणी पाठवताना चिठ्ठीत ते स्पष्ट लिहावं.

कार्डाच्या पाठीवरचा मजकूर मी मराठीत तयार करून ठेवला आहे, खेड्यातल्या माणसाला वाचून कळेल असा. आपल्याकडच्या फिजिशियनने आणि सर्जनने तो तपासावा, हवा तसा बदलावा; माझं नाव त्यावर नको. दसऱ्याच्या आत टोळ्या निघायला लागतील, त्याआधी निदान ऊसतोड्यांच्या तालुक्यांपुरती कार्डं छापून झाली तर बरं होईल. मजकूर कोणत्या कार्यालयाकडे द्यायचा, तेवढं प्रत्येक जिल्ह्याने जाहीर करावं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
परभणी जिल्हा